लुपस आहे आणि आजीसारखं गोंदवून घ्यायचंय

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार वर्षांपासून लुपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटते तो आजार. मध्यंतरी तो किडनीपर्यंत गेला होता. सध्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोनची पाच मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. मागच्या वर्षी आजी गेली. तिच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, तसंच तुम्हाला मनगटाच्या आतल्या बाजूला हवंय. घरचे म्हणतात, आहे त्या दुखण्यात आणखी भर कशाला. टॅटूवाला म्हणतो, काही होत नाही, फक्त आठ दिवस गोळ्या बंद ठेवा म्हणजे रक्त कमी येईल. आणि तुमच्या डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही, ते रागावतील म्हणून.

आधी गोळ्यांचं बोलू, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. गोळ्या बंद करू नका. आठ दिवस नाही, एक दिवससुद्धा नाही. टॅटूवाल्याने कुठेतरी ऐकलंय ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल: ॲस्पिरिन, वॉरफॅरिन, ॲसिनोकुमॅरॉल वगैरे. त्यातली एकही तुमच्या यादीत नाही. प्रेडनिसोलोन महिनोन्‌महिने घेतल्यावर शरीराची स्वतःचं स्टिरॉइड तयार करायची सवय मंदावलेली असते. ती गोळी एकदम तोडली तर अंगातलं बळ जातं, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. मायकोफेनोलेटने तुमची किडनी राखलीय. आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन साधी गोळी वाटते, पण ती सोडलेल्यांचा लुपस पुन्हा उचल खातो हे मी वारंवार पाहिलंय. लुपसच्या काही रुग्णांच्या रक्तात गुठळ्या होतात, त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची लागते. त्यांनीही ती गोळी सोडायची नाही. त्यांनी टॅटूचा विचार सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी लातुरात बावीस वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. सुरुवातीला अशा प्रश्नांना मी एका शब्दात उत्तर द्यायचे: नाही. एका मुलीला तसंच सांगितलं. संधिवात होता तिला, नुकताच उसळलेला, प्रेडनिसोलोन वीस मिलिग्रॅमवर होतं. तिने पुढे काही विचारलं नाही, मान हलवली आणि गेली. तीन आठवड्यांनी आली ती कोपरापर्यंत सुजलेला हात घेऊन. जत्रेत गोंदवून घेतलं होतं. सगळ्यांना एकाच वाटीतली शाई, तीच सुई, पुसायला तेच फडकं, आणि वरून हळद-तेल. "आग व्हायली हो मॅडम, रात्र रात्र झोप न्हाई," एवढंच बोलली. दहा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. मी तेव्हा "आत्ता नको, हे एवढं झालं की ये" असं म्हटलं असतं तर ती थांबली असती, असं मला आजही वाटतं. तेव्हापासून मी या प्रश्नाला वेळ देते.

तुम्ही "घेऊ की नको" असं विचारलंय. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: तुमचा लुपस खरंच झोपलाय, की नुसता डोळे मिटून पडलाय? हे मनगटाकडे बघून कळत नाही, लघवीच्या रिपोर्टमध्ये कळतं. अंगावर चट्टा नसतो, सांधे दुखत नसतात, केस गळायचे थांबलेले असतात, तरी लघवीतून प्रथिनं जात असतात आणि माणसाला पत्ता नसतो. ज्यांच्या किडनीला एकदा लुपसने हात लावलाय त्यांनी "मला बरं वाटतंय" एवढ्यावर कुठलाच निर्णय घेऊ नये.

माझ्या दवाखान्यात मी असं बघते. सलग सहा महिने नवीन लक्षण नाही. त्या काळात कुठल्याही औषधाचा डोस वाढवावा लागलेला नाही. लघवीतली प्रथिनं आटोक्यात, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) स्थिर, रक्तातले सी-३ आणि सी-४ (लुपस खवळला की कमी होणारी प्रथिनं) घसरलेले नाहीत, पांढऱ्या पेशी बऱ्या आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर. प्रेडनिसोलोन पाच किंवा त्याखाली. एवढं जुळलं तर मी अडवत नाही. दहाच्या वर असेल तर थांबा म्हणते, कारण त्या डोसवर जखम भरायला उशीर लागतो, जंतूंना वाव मिळतो आणि फार दिवस स्टिरॉइड घेतलेली कातडी इतकी पातळ झालेली असते की शाई रेषेबाहेर पसरते. हे आकडे मी प्रॅक्टिसमध्ये बघत बघत बसवलेत. तुमचे डॉक्टर कदाचित वर्षभराची शांतता मागतील. किडनीचा इतिहास त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तेव्हा त्यांचं ऐका.

इतकी वाट का बघायची, हे टॅटू कातडीत काय करतो ते कळलं की पटतं. सुई मिनिटाला शेकडो वेळा, कधी हजारांवर, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते आणि शाई कातडीच्या खालच्या थरात सोडते. वरचा थर सतत झडून नवा येत असतो, तिथे ती टिकली नसती. खाली गेलेली शाई शरीराला परकी वाटते. प्रतिकारयंत्रणेतल्या भक्षक पेशी धावत येतात, कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की अशी पेशी मेली की तिच्यातले कण सुटतात आणि तिथेच आलेली नवी पेशी ते पुन्हा गिळते. तुमच्या आजीच्या हातावरची तुळस इतकी वर्षं जागची हलली नाही, ती या पेशींनी एकीच्या हातून दुसरीने घेत सांभाळली म्हणून. थोडी शाई काखेतल्या गाठींपर्यंतही पोचते आणि तिथेच राहते.

आता लुपसमध्ये हीच यंत्रणा स्वतःच्या शरीराला परकं समजून बसलेली असते. तिला आपण आणखी एक परकी वस्तू जन्मभर सांभाळायला देतोय. ती शांत असेल तर बहुतेक वेळा निमूट सांभाळते, आणि शांत लुपसमध्ये छान भरून आलेले टॅटू मी पाहिलेत. खवळलेली असेल तर मात्र तीच जागा चट्ट्यांची होऊ शकते, आणि ती शाई मग चिमट्याने काढून टाकता येत नाही. लेझरने काढायची म्हटलं तर पुन्हा कातडीला इजा.

आजार बदलला की हिशेब बदलतो. हे तुमच्यापुरतं नाही, पण वाचणाऱ्या कुणाला सोरायसिस असेल तर त्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. सोरायसिसमध्ये जिथे कातडीला इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी हे नोंदवलं, त्यांचंच नाव त्याला आहे. साधारण चौघांतल्या एकाला असं होतं, बहुधा इजेनंतर दहा ते वीस दिवसांत. उदगीरकडचा एक तरुण आठवतो. दंडावर आईचं नाव गोंदवलं होतं. दोन आठवड्यांनी त्या नावाच्या प्रत्येक वळणावर, अगदी काना-मात्रेवर, पांढऱ्या खवल्यांचा जाड चट्टा उभा राहिला. त्याने तोपर्यंत सोरायसिस फक्त डोक्यात पाहिला होता. पांढऱ्या डागांच्या आजारातही असंच होतं, शाईभोवतीचा रंग उडू शकतो. अशांना मी आधी झाकल्या जागी एखादा छोटा ठिपका घेऊन तीन महिने थांबायला सांगते. ठिपका नीट राहिला म्हणजे मोठं चित्रही नीट राहील अशी खात्री नाही, पण ठिपक्यालाच चट्टा आला तर उत्तर तिथेच मिळालं. बेशेटचा आजार असेल, ज्यात नुसत्या इंजेक्शनच्या टोचणीला पुळी येते, तर गोंदवणं नकोच. थायरॉइडचा हाशिमोटो आजार गोळीवर स्थिर असेल तर त्या कारणाने मी कुणाला थांबवलेलं नाही.

परत तुमच्याकडे. तुम्ही निवडलेलं चित्र तुमच्या सोयीचं आहे, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. जुनं गोंदण एका रंगाचं असायचं, काजळीचं. ते हिरवट-निळं दिसतं ते काळे कण कातडीखालून दिसतात म्हणून. आजच्या काळ्या शाईतही मुख्यतः कार्बनच असतो, आणि सगळ्या रंगांत काळा त्यातल्या त्यात कमी त्रास देतो. सगळ्यात जास्त तक्रारी लाल रंगाच्या येतात. पूर्वी त्यात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग असायचं. आता वेगळी रसायनं असतात, तरी खाज, गाठी, उंचवटे हे लालमध्येच जास्त दिसतात आणि काही वेळा वर्षभरानेही उठतात. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या, त्या उगाच नाहीत. तेव्हा वृंदावनावर लाल कुंकू, हिरवी पानं असलं काही भरायला लावू नका. आजीचं जसं होतं तसं: बारीक रेघा, काही ठिपके, एकच काळा रंग. जितकं कमी भराल तितक्या कमी टोचण्या.

जागेबद्दल मात्र तुम्हाला थोडं हलायला सांगेन. मनगट आणि कोपराची खोबण या तुमच्या रक्त काढायच्या आणि सलाईन लावायच्या जागा आहेत, त्या मोकळ्या राहू द्या. शिवाय लुपसमध्ये बोटांवर, तळव्यांवर आणि मनगटाच्या आसपास लालसर ठिपके उठले तर ते डॉक्टरांना स्वच्छ दिसायला हवेत. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार-पाच बोटं वर, हे बरं. थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील तर बोटांवर कधीच नको. पूर्वी जिथे लुपसचा चट्टा येऊन गेलाय तिथेही नको. आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर टॅटू आहे हे आधी सांगायचं. काही शायांमध्ये लोखंडाचे कण असतात, त्यामुळे क्वचित चटका बसल्यासारखं होतं.

ऊन हा तुमच्या आजाराचा जुना वैरी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला टेकतो. ओली जखम, त्यावर घाम, त्यावर स्कूटीवरून दुपारचा प्रवास, हे सगळं एकत्र नको. ताज्या टॅटूवर सनस्क्रीन लावता येत नाही, तो भरेपर्यंत सैल सुती बाहीनेच झाकावा लागतो. पावसाळ्यात ओलीचा त्रास वेगळा. माझ्या मते तुमच्यासाठी तुळशीच्या लग्नापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. सोरायसिसवाल्यांचं उलटं असतं, त्यांची कातडी थंडीत कोरडी पडून आजार वाढतो, त्यांनी हिवाळा टाळावा.

आता पाणी. याबद्दल मी जरा आग्रहाने बोलते, कारण टॅटूच्या बाबतीत आपल्याकडे सगळे सुईबद्दल विचारतात आणि पाण्याबद्दल कुणी विचारत नाही. राखाडी छटा हवी असली की काळी शाई पाण्याने पातळ करतात. नळाच्या, टाकीच्या, बोअरच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंच्या कुळातले काही जंतू असतात. पिताना आपल्याला काही करत नाहीत, पण सुईने कातडीखाली गेले तर घर करतात. २०११च्या अखेरीस अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात एकाच टॅटूकाराकडे गेलेल्या १९ जणांना असा संसर्ग झाला. जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम चेलोनी. टॅटूकाराची स्वच्छता ठीक होती, जंतू आले ते आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईतून. म्हणून सीलबंद बाटली म्हणजे निर्जंतुक बाटली असं धरून चालू नका.

आणि आपण कुठे राहतो ते बघा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून जगलेलं हे शहर. आजही उन्हाळ्यात कित्येक घरांत आणि दुकानांत टँकरचं पाणी टाकीत दिवसेंदिवस साठवलेलं असतं. जारचं पाणी प्यायला ठीक, जखमेला ते निर्जंतुक नाही. औषधांच्या दुकानात इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी आणि सलाईनची बाटली मिळते, किंमत फार नसते. ती स्वतः घेऊन जा आणि सांगा, शाई पातळ करायला आणि मध्ये मध्ये पुसायला हेच वापरा. खरं तर छटा नकोतच, रेघाच घ्या. सुईचं कार्ट्रिज तुमच्या डोळ्यांसमोर फोडलं पाहिजे, शाई ओतायची छोटी वाटी नवी, हातमोजे नवे. यावर जो तोंड वाकडं करेल त्याच्याकडून उठून या. शाईच्या बाटलीच्या लेबलचा, बॅच नंबरसकट, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे काही झालं तर आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

सहा महिने थांबायचं म्हटलं की रुग्णांचा चेहरा पडतो. पण त्या सहा महिन्यांत एक काम होतं. हिपॅटायटिस-बीची लस घेतली आहे का बघा. नसेल तर तिचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तुमच्या औषधांवर असतानाही घेता येते. मात्र या औषधांमुळे लस कधी कधी नीट लागत नाही, म्हणून शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तात तिची प्रतिकारशक्ती आली का ते तपासून घ्या. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरुवात केलीत तर तुळशीच्या लग्नापर्यंत तिन्ही डोस होतात.

गोंदवल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, चिकट पाणी येणं नेहमीचं आहे. उकळून गार केलेल्या पाण्याने आणि साध्या साबणाने हलकेच धुवायचं, टिपून कोरडं करायचं, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवायचा. हळद नको, खोबरेल नको, आणि मेडिकलवाल्याने दिलेलं खाज-बुरशी-जंतू सगळ्यांवर चालणारं मिश्र मलम तर अजिबात नको, त्यात बहुधा जोरकस स्टिरॉइड असतं. खपली काढू नका. तिसऱ्या दिवसानंतर लाली कमी व्हायच्याऐवजी पसरत असेल, जागा गरम लागत असेल, पू दिसत असेल तर त्याच दिवशी दाखवा. तापाची वाट बघू नका. प्रेडनिसोलोनवर असताना ताप कधी कधी चढतच नाही, आणि आतला संसर्ग वाढलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी शाईच्या रेषेवर बारीक लाल गाठी उठल्या तर मी वर सांगितलेला पाण्यातला जंतू मनात ठेवा. त्यावर नेहमीच्या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स चालत नाही. कातडीचा तुकडा काढून तपासावा लागतो आणि उपचार काही महिने चालतात. आणि सांधे धरले, तोंडात फोड आले, लघवीला फेस यायला लागला तर टॅटू कितीही सुंदर भरला असला तरी लुपसच्या डॉक्टरांकडे जा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मी इथल्या मुलींकडून ती वर्षानुवर्षं ऐकतेय. गाव लहान, टॅटूवाला ओळखीतला, आणि घरात लग्नाची बोलणी. म्हणून आजाराचं नाव त्याच्यापुढे काढायचं नाही असं घरच्यांनी बजावलेलं असतं. मला ही अडचण खरी वाटते, तिच्यावरून मी कुणाला बोल लावणार नाही. त्याला लुपस हा शब्द सांगायची गरजही नाही. "माझ्या गोळ्यांमुळे जखम लवकर भरत नाही आणि जंतुसंसर्ग पटकन होतो," एवढं सांगितलं की त्याच्या कामापुरतं सगळं आलं. गाव सोडून नांदेडला किंवा संभाजीनगरला जाऊन केलंत तरी चालेल, फक्त दुपारच्या उन्हातला प्रवास टाळा. पण डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावलेच तर घटकाभर रागावतील. लपवून केलेल्या टॅटूत काही बिघडलं तर त्यांना सांगायला तुम्ही आठ दिवस उशीर कराल, आणि मला भीती त्या आठ दिवसांची वाटते.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या, केसपेपर पुढे सरकवतानाच बोला. "डॉक्टर, मला आजीच्या हातावर होतं तसं गोंदवून घ्यायचंय. गोळ्या मी बंद करणार नाही. लघवीतली प्रथिनं आणि प्लेटलेट बघून सांगा, या कार्तिकात जमेल का पुढच्या?" आजीचा हात दिसेल असा एखादा फोटो असेल तर तोही सोबत न्या.